सुमनताईंचा मॉनिटर

रविवारी सकाळी अकरा वाजता, घरकामगारांच्या मेळाव्यात, सुमनताईंवर अन्याय झाला.

त्या गात असताना साउंडवाल्याने, सभागृहात घुमू नये म्हणून, त्यांच्या आवाजातला भरदारपणा कापला. त्यांना स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून, म्हणजे मॉनिटरमधूनही, मग तोच पत्र्यासारखा आवाज येऊ लागला.

"दादा, हा माझा आवाज नाही!"

"बाहेर कडक वाजतंय, ताई. गा बिनधास्त!"

डिजिटल मिक्सरवर एकाच माइकला दोन चॅनल देता येतात, एक लोकांसाठी, एक गाणाऱ्यासाठी. त्याने कंटाळा केला.

ताईंनी कानावर तळवा दाबला आणि आतल्या आवाजाच्या आधाराने गाणं संपवलं. टाळ्या पडल्या. भरल्या सभागृहात इतकं एकटं माणूस मी पाहिलं नव्हतं. लोकांना गोड लागावं म्हणून कापलेला आवाजच आपण किती जण आपला समजून जगतो!

पुढचा कार्यक्रम तुम्ही घेणार असाल, तर आधी स्टेजवर चढा आणि गाणारीला काय ऐकू येतंय ते विचारा. तिचं समाधान होईपर्यंत खाली उतरू नका.