तातेरावांची पेज

जामबाग मोहल्ल्यातल्या एका होस्टेलच्या मेसमध्ये तातेराव आचारी. हाताला चव अशी की मराठवाड्यातून शिकायला आलेली पोरं सुट्टीतही घरी जायचं नाव काढत नाहीत. आणि त्यांच्याच लेकीच्या, दीक्षाच्या, पोटात अन्न ठरेना! दहा वर्षांची पोर, उंची खुंटलेली, गाल बसलेले. निदान झालं क्रोन्सचं: आतडी आतून सुजलेली, जागोजागी जखमा. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही आठवडे जेवण पूर्ण बंद, फक्त डब्यातल्या पावडरीचं औषधी दूध. त्यानंच सूज उतरते. नाही उतरली तर स्टेरॉइड, आणि त्यानं वाढ आणखी मागे पडू शकते.

आचाऱ्याच्या पोरीनं जेवायचं नाही? तातेरावांना पटेना, पण बाईंचा शब्द मोडायचीही छाती नाही. मग त्यांनी आपल्या अकलेनं वाट काढली. पोट बिघडलं की आपल्याकडे पेज देतात. तांदळाचं पाणी ते, जेवण थोडंच! बायकोची, गीताची, नजर चुकवून ते रोज सकाळी वाटीभर पाजू लागले. दीक्षा मिटक्या मारत प्यायची आणि दुधाचा ग्लास अर्धाच राहायचा.

पुढच्या तपासणीत सूज जिथल्या तिथं. "दूध लागू पडलं नाही," म्हणत बाईंनी स्टेरॉइड लिहायला पेन उचललं. पेजेचं बाप-लेकीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तातेराव गप्प बसले असते तर सगळं खपून गेलं असतं.

"मॅडम, तुमची दवाई चांगलीच हाय. मीच रोज पेज पाजलो."

गीतानं कपाळाला हात लावला. बाई चांगल्याच रागावल्या आणि पेन खाली ठेवून म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून."

त्यानंतर या माणसानं जे केलं त्याला तोड नाही. घरात गॅस पेटवणं बंद. गीताचा डबा मेसवरून थेट ती काम करते त्या कापडदुकानात. फोडणीच्या वासानं पोर कासावीस होते, म्हणून मेसवरच आंघोळ, धुतलेला सदरा, मगच घर. दीक्षा ग्लास संपवेपर्यंत ते समोर बसायचे, तिचा सगळा राग झेलत. एकदा तिनं पाया पडून पेज मागितली. "नक्को गं माय," म्हणत स्वतः रडले, पण दिली नाही.

सूज उतरली. वजन वाढलं. थोडं थोडं जेवण सुरू करा, असं बाईंनी सांगितलं त्या दिवशी तातेरावांनी मऊ भाताचा घास पुढे धरला. पोरीनं तोंड मिटून घेतलं.

"पप्पा, पुन्हा दुखणार नाही ना?"

"ठाऊक नाही, बेटा. दुखलं तर लगेच सांग. आपण दोघं मिळून मॅडमला सांगू."

दीक्षानं तोंड उघडलं.