सदाशिव, चालता हो!

परवा चक्कीवर हळद दळायला टाकली आणि त्या वासानं मला थेट सांगलीतल्या हळदीच्या रिकाम्या गोदामात नेऊन उभं केलं. एका हौशी मंडळाच्या नाटकासाठी तिथं निवड चालली होती. मी कुंडलची नवी सून, डोक्यात नाटकाचं वारं.

दारुड्या नवऱ्याला हाकलायचं एवढंच वाक्य होतं, "सदाशिव, चालता हो!" नेमकं आमच्या ह्यांचं नावही सदाशिव. फौजेतून रजेवर आलेले हे मागच्या बाकावर बसले होते आणि रजा संपली की पुन्हा सीमेवर जाणार होते. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं आईनं मनावर ठसवलेलं.

"आवं, चालते व्हा की," मी पदर सावरत म्हणाले.

सगळे हसले. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, हाकलताय का जेवायला बोलावताय? आता शेवटची संधी."

मागून ह्यांचा आवाज आला, "घे की गं नाव! गोळीला न्हाई भ्यालो, तुला भ्यायचो व्हय?"

मी डोळे मिटून ओरडले, "सदाशिव, चालता हो!" डोळे उघडले तर बाक रिकामा! काळजात चर्र झालं. महाशय हुकूम पाळून दाराबाहेर उभे होते, मिशीत हसत.

भूमिका मिळाली. पण हे सुखरूप परत येईपर्यंत प्रत्येक प्रयोगानंतर मी विंगेत देवाची माफी मागायची. बावळट कुठली!

आता दिवसभर नावानंच हाका मारते. ऐंशी ओलांडली तरी ठणठणीत आहेत. फक्त ऐकू येत नाही म्हणतात.