दुसरी हाक

तार हॉस्टेलच्या ऑफिसात आली, तेव्हा मी जेवायला बसले होते. 'माझी बहीण गेली. निघून ये.' तारेत माणसं शब्द वाचवतात. बाबांनी नुसतं 'रूथ गेली' लिहिलं असतं तरी मला कळलं असतं. गाडीत बसल्यावरही मी त्या 'माझी बहीण'कडेच पुन्हा पुन्हा पाहत होते. वर्षातली एक पहाट सोडली, तर रूथआत्याला बाबांनी बहीण मानल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं. मिशनच्या शाळेत बाबा मास्तर आणि मिशनच्याच दवाखान्यात आत्या नर्स. ती बाबांपेक्षा मोठी, विधवा, मूलबाळ नसलेली. कंपाउंडच्या अगदी टोकाला तिची एक खोली होती. त्यापुढे विहीर आणि मग कबरस्तान. मी लहान असताना आई गेली. मला आपण वाढवायचं, असं आत्या धरूनच चालली होती. बाबांनी मात्र माझं नाव नागपूरच्या इंग्रजी शाळेत घातलं, बोर्डिंगसकट. त्या रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात सगळ्यांदेखत आत्या म्हणाली, "माय गेली म्हणून लेकरू दूर धाडतं काय, वसंता? मी काय मेली हाव?" बाबा म्हणाले, "तुझ्याजवळ राहून ती काय शिकेल? बोळे आणि बाटल्या धुवायला?" आत्या वळली आणि घरी गेली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. सुट्टीत आले की निरोप मीच इकडून तिकडे न्यायचे. मुळात मला बोलायचा संकोच, आणि हे बोलणं तर माझ्यावरूनच थांबलेलं... त्यामुळे निरोपाला मी पदरचा शब्द कधी जोडला नाही.

ती एक पहाट म्हणजे ईस्टरची. आमच्याकडे त्या दिवशी अंधार असतानाच भजनाची फेरी निघते. पुढे गॅसबत्ती, मग गळ्यात पेटी अडकवलेले मार्कसकाका, झांजा, मागे डोळे चोळणारी आम्ही मुलं. प्रत्येक घराचं दार मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. फेरीचा पुढारी दाराशी उभा राहून म्हणतो, "प्रभू उठला आहे." आतून उत्तर येतं, "खरोखर उठला आहे." दार उघडतं आणि घरातली माणसं फेरीत मिसळतात. असं करत सगळं कंपाउंड कबरस्तानात पोचतं. आदल्या दिवशी चुना दिलेल्या कबरी उजाडता उजाडता पांढऱ्या दिसू लागतात. तिथं उपासना होते, मग शेवयांची खीर आणि उकडलेली अंडी. मुलांची अंडी आत्या रंगवायची. होळीच्या सुमारास पळसाची फुलं गोळा करून ती वाळवून ठेवायची आणि त्यांच्या पाण्यात अंडी उकडायची. तिचं ते पातेलं आतून कायमचं केशरी झालं होतं.

फेरीचे पुढारी बाबा होते आणि शेवटचं दार आत्याचं होतं. त्यामुळे वर्षातून एकदा त्यांना तिला हाक मारावी लागे आणि तिला उत्तर द्यावं लागे. ती लगेच कधीच द्यायची नाही. बाबा म्हणायचे, "प्रभू उठला आहे." आत शांतता. आम्ही मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायचो. मोठी माणसं आभाळाकडे पाहायची, कारण सूर्य काही थांबणार नव्हता. मग बाबा पुन्हा म्हणायचे, "ताई, प्रभू उठला आहे." तेव्हा कुठे उत्तर यायचं. ती पदर सारखा करत बाहेर पडायची आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन चालू लागायची. सगळे तिला मानी म्हणत. मलाही ते पटलेलं होतं.

एका वर्षी बाबांचा घसा बसला होता, किंवा त्यांनी तसं सांगितलं. हाका मार्कसकाकांनी मारल्या. आत्याच्या दाराशी त्यांनी चांगली खणखणीत हाक दिली. आतून आवाज आला, "मार्कस, तुह्यं घर तिकडं मांगं राह्यलं. इकडं काऊन ओरडून राह्यला बे?" सगळे हसले, उपासना घेणारे पाळकसाहेबसुद्धा. दार मात्र उघडलं नाही. शेवटी बाबा पुढे झाले आणि घोगऱ्या आवाजात त्यांनी दोन्ही हाका मारल्या, आधी नुसती, मग ताई म्हणून. दुपारी आत्यानं माझ्या हाती काढ्याचा तांब्या दिला. "मास्तरले सांग, गरमच पी म्हणा." बाबा तो गरमच प्यायले.

गेल्या वर्षी तिच्या पायांना सूज होती, म्हणून आदल्या दिवसापासून मी तिच्याकडे राहिले. अंडी रंगवून झाल्यावर तिनं मला दाराच्या बिजागरींना करडईचं तेल लावायला सांगितलं. मी मुकाट्यानं लावत होते, तर म्हणाली, "बोल न वं काही. का नागपूरच्या मडमीनं जीभ ठेवून घेतली तुही?" पहाटे उठले, तेव्हा ती पांढरं लुगडं नेसून दाराशी उभी होती. दिवा लावलेला नव्हता. भजन अजून पलीकडच्या घरांपाशीच होतं, पण दाराची कडी काढलेली होती. दार नुसतं लोटलेलं, आणि त्याच्या फळीवर तिचा तळवा टेकलेला. बाहेरून कोणी बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. गाणं जवळ आलं, थांबलं. बाबांची हाक आली. ती गप्प राहिली. मी हळूच म्हटलं, "आत्या, उघड ना."

"थांब," ती कुजबुजली. "पयली हाक समद्यायचीच असते. दुसरीत तो मले ताई म्हणते."

दुसरी हाक आली. तिनं उत्तर दिलं आणि तळवा काढला. बाहेर पडताना तिचा चेहरा नेहमीसारखाच मानी होता. हे बाबांना सांगावं की नाही, याचा मी वर्षभर विचार केला. ती जिवंत असताना सांगितलं असतं, तर तिचं तेवढं एक सुख गेलं असतं, असं मला वाटायचं. अजूनही खात्री नाही.

या वर्षी होळीनंतर ती अमडापूरकडे लसीकरणाला गेली आणि ताप घेऊन परतली. शेवटचे दिवस बाबा दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसून होते. दोघं काय बोलले, बोलले का, हे मी विचारलेलं नाही. तिचं दफन झाल्यावर मी नागपूरला परतले; ईस्टर काही आठवड्यांवर होता, त्यासाठी पुन्हा घरी आले. आदल्या दिवशी बाबांनी तिच्या खोलीची किल्ली मला दिली आणि झाडून ठेव म्हणाले. मी झाडलं. निघताना कुलूप लावलं नाही. दार ओढून घेतलं.

पहाटे फेरी त्या दारापाशी आली, तेव्हा पुढचे लोक न थांबता विहिरीकडे वळले. गॅसबत्तीवालाही वळला. बाबा मात्र थांबले. ते थांबलेत हे कळायला सगळ्यांना वेळ लागला. मार्कसकाकांनी पेटी बंद केली. बाबा दाराशी गेले आणि म्हणाले, "ताई, प्रभू उठला आहे."

पहिल्याच हाकेत.

ते वाट पाहत उभे राहिले. विहिरीच्या बाजूनं उजाडायला लागलं होतं. एवढ्या लोकांत तोंड उघडायची मला सवय नाही. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, आत्या कडी लावायची नाही. दार लोटलेलंच असायचं. दर वर्षी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ ते फळीकडे बघत होते. मग त्यांनी फळीवर तळवा टेकला, आत्या आतून टेकायची साधारण त्याच जागी, आणि ढकललं. बिजागरींना गेल्या वर्षीचं तेल होतं... दार आवाज न करता उघडलं.