तेल बघितलंत का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. गोष्ट एका जुन्या गाडीची आहे. गाडीचं काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. मीही स्वतःला तेच सांगत आलो.

दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावला फ्लॅट घेतला, तेव्हा तिथे टॉवर उभे राहत होते आणि बसचा पत्ता नव्हता. वसुधाला एका नव्या शाळेत नोकरी लागली. तेवढ्यासाठी सेकंडहँड गाडी घेतली, तेवढ्यासाठी ती चालवायला शिकली. आणि काय सुरेख चालवायची! माझ्यापेक्षा चांगली — हेच मला खुपायचं. आता लपवून काय उपयोग?

गाडीत ऑइल प्रेशरचा काटा होता. वसुधा मात्र घरात ऑइलला तेलच म्हणायची, मुलीचं मराठी बिघडू नये म्हणून. शाळेतून आली की सांगायची, "अहो, वळणावर काटा पडतो, ब्रेक मारला की पडतो, सरळ रस्त्याला परत वर येतो. तेल कमी झालंय, आत हिंदकळतंय. बघा ना." मी म्हणायचो, वायर ढिली असेल. बॉनेट उघडणं हे माझं खातं — तसं मीच ठरवलेलं. बायको मला इंजिन शिकवणार?

एका रविवारी चादरी आणायला पानिपतला निघालो. भाऊ-वहिनी मागे बसलेले, वसुधा स्टिअरिंगवर. निघताना तिने विचारलं, "तेल बघितलंत का?"

इंजिनचं विचारतेय, हे मला स्वच्छ कळलं होतं. तेल मोजायच्या डिपस्टिकला मी हातही लावला नव्हता. म्हणालो, "बघितलं. फुल्ल आहे."

हायवेवर काटा पडला, तशी ती गाडी बाजूला घेऊ लागली. मी म्हणालो, "चल गं, वायर आहे ती." थोड्या वेळात इंजिन जाम. मेकॅनिकने डिपस्टिक काढली — कोरडी ठणठणीत. भावाने विचारलं, तेल कुणी बघितलं होतं? वसुधाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं? हसलो.

"अगं, मला वाटलं पेट्रोलचं विचारतेस! दिल्लीत तेल म्हणजे पेट्रोल. इतकी वर्षं राहून एवढं कळत नाही?"

"हां जी, तेल तो पेट्रोल ही हुआ," मेकॅनिक म्हणाला. सगळे हसले.

वसुधाने गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. तिला माझा खोटेपणा कळला होता का? विचारायची माझी छाती झाली नाही. उलट हा किस्सा मी मंडळाच्या गणपतीत रंगवून रंगवून सांगितला, वर्षानुवर्षं, ती तिथेच प्रसाद वाटत असताना. गाडी दुरुस्त झाली, पण ती परत स्टिअरिंगवर बसली नाही. शाळाही सुटली. मी म्हणालो, जशी तुझी मर्जी. नीच माणूस मी.

परवा मुलीने नवी गाडी आणली. म्हणाली, "आई, चल ना यार, थोडी तू चालव."

"नको गं बाई," वसुधा म्हणाली. "मला तेल म्हणजे काय तेसुद्धा कळत नाही. विचार तुझ्या बाबांना."

मुलगी हसली. मीही हसलो.