काचेमागचं गणित

अरुण सोनवणे गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी विश्रांतवाडीतल्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय एकोणसाठ. आदल्या दिवशी ते शाळेत होते. बातमी त्यांच्या पत्नी मंदाताईंनी फोनवर दिली. “ताई, हे गेले. चहा ठेव म्हणाले, मी ठेवला...” अंत्यविधीला शाळेची बरीच मुलं आली होती. शाळेचे संचालक आले नाहीत, त्यांचा मोठा पुष्पहार आला. हारावर शाळेचं नाव सोनवण्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं.

त्या शाळेचं नाव इथे देत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना ते कुठल्याही चौकातल्या फ्लेक्सवर वाचता येईल. शनिवार पेठेत, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन मजल्यांवर ती भरते. नववी ते बारावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. शहरातल्या काही निवृत्त प्राध्यापकांनी ती काढली होती. वर्षानुवर्षं त्यांच्यापुढे अशी मुलं येत होती की ज्यांना गुण भरपूर, पण प्रश्न विचारता येत नाही. कॉलेजात जाण्याआधी मुलांना कॉलेजात टिकायला शिकवावं, इतकाच त्यांचा बेत होता. सोनवणे पहिल्या वर्षापासून तिथे भौतिकशास्त्र शिकवत होते. ते आणि मी पदवीला एका वर्गात होतो. मी पुढे वर्तमानपत्रात गेले, निवृत्त झाल्यावर त्यांच्याच सांगण्यावरून शनिवारी मुलांना लेखन शिकवायला जाऊ लागले. ते मला “पत्रकार बाई” म्हणत, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला “याला पुरावा?” असं विचारत.

शनिवारचा दुसरा तास त्यांचा होता. तो वेळापत्रकात ‘चुकीचा तास’ म्हणूनच लिहिलेला असे. त्याची सुरुवात त्यांच्याच चुकीने झाली. भिंगाच्या सूत्रात त्यांनी एकदा वर्गात चिन्ह चुकवलं. एका मुलीला ते घरी गेल्यावर सापडलं. दुसऱ्या दिवशी सोनवण्यांनी अख्खी शाळा खालच्या मोठ्या खोलीत जमिनीवर बसवली, तेच गणित तसंच चुकीचं पुन्हा मांडलं आणि म्हणाले, “हिला सापडलंय. आता तुम्ही शोधा. ही गप्प बसेल.” तेव्हापासून दर शनिवारी कोणीतरी, विद्यार्थी असो वा शिक्षक, आपली त्या आठवड्यातली चूक जशी केली तशी फळ्यावर लिही. ज्याला सापडे तो त्या ओळीभोवती वर्तुळ काढी. त्यासाठी खडू पाण्यात बुडवून घ्यायचा. ओल्या खडूची रेघ आधी नीट दिसत नाही, वाळली की पांढरी ठसठशीत उठते, तोवर बाकीच्यांना विचार करायला वेळ मिळतो. मग चूक करणाऱ्याने आपल्याला तसं का वाटलं ते सांगायचं. हसायला परवानगी होती, नावं ठेवायला नव्हती. आणि चूक सापडेपर्यंत फळा पुसायचा नाही. रसायनशास्त्राचं एक समीकरण दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत तसंच राहिल्याचं मला आठवतं.

संस्थापकांपैकी मराठीचे एक वयोवृद्ध प्राध्यापक होते. त्यांनीही एकदा फळ्यावर स्वतःची चूक लिहिली. ती दहावीतल्या मुलाने काढल्यावर ते जरा गोरेमोरे झाले. “सोनवणे, आजवर माझ्या घरीसुद्धा मला हे कोणी सांगितलं नव्हतं.” “सर, घरी फळा नसतो,” सोनवणे म्हणाले. एका पालकांनी तक्रार केली होती की आम्ही मुलाला बरोबर उत्तरं शिकायला पाठवतो, चुका बघायला नाही. सोनवण्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, “बरोबर उत्तरं पुस्तकाच्या शेवटी आहेत. पुस्तक घरीच ठेवा, मुलगा इथे पाठवा.” मुलगा बारावीपर्यंत राहिला.

तास संपला की त्याच खोलीत सगळे डबे मधोमध मांडले जात आणि शिक्षक-मुलं एकत्र जेवत. मंदाताईंच्या मासवडीचा डबा उघडल्याबरोबर संपे, त्यामुळे सोनवणे बहुतेक शनिवारी कोणाचा तरी भाजी-पोळीचा डबा खात. जेवतानाही फळा समोर असे. कोणी घास हातात धरूनच उठे आणि म्हणे, “सर, दुसऱ्या ओळीत तर नाही?” सोनवणे म्हणत, “आधी हात धू.”

संस्थापक थकले. विश्वस्त मंडळ बदललं. नवे संचालक रणदिवे अभियंता आहेत आणि त्यांची एका कोचिंग क्लासशी भागीदारी आहे. पहिल्या वर्षी अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र क्लासच्या शिक्षकांकडे गेलं. सोनवण्यांकडे नववी राहिली आणि चाचण्यांच्या वेळी पर्यवेक्षण. दुसऱ्या वर्षी एकत्र जेवण बंद झालं, कारण शाळा बघायला येणाऱ्या पालकांना डब्यांचा वास येतो. स्वागतकक्षात कॉफीचं यंत्र आलं. भिंतींवर गुणवंतांचे फोटो आले. त्यातले काही या शाळेत कधीच शिकले नव्हते, ते क्लासच्या दुसऱ्या शाखेतले होते. मी रणदिव्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “एकच परिवार आहे, मॅडम.” सोनवण्यांना विचारलं, सोडत का नाही? त्यांना दुसरीकडे सहज काम मिळालं असतं. ते म्हणाले, “शनिवार आहे ना अजून.”

यंदा शनिवारही गेला. साप्ताहिक चाचण्यांसाठी दुसरा तास रद्द, अशी सूचना लागली. सोनवणे रणदिव्यांकडे गेले. त्या भेटीचा वृत्तांत त्यांनी मला जिन्यात उभ्याउभ्या सांगितला, चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

“मी म्हटलं, एक तास राहू द्या. ते म्हणाले, सोनवणे सर, चुका बघायला पालक फी भरत नाहीत. मी म्हटलं, मग मुलांनी चुका करायच्या कुठे? तर म्हणाले, ॲपवर ॲनालिसिस येतं.”

“मग?”

“मग काय. एक शेवटचा शनिवार दिलाय. निरोपाचा. व्हिडिओ काढणार आहेत म्हणे.”

तो शेवटचा शनिवार मी पाहिला. कॅमेरावाला एका कोपऱ्यात होता. सोनवण्यांनी फळ्यावर त्यांच्या त्या गोल, सुट्या अक्षरात लिहिलं: शाळा ते विश्रांतवाडी, बस जाताना ताशी वीस किलोमीटर वेगाने जाते. परतताना ताशी तीस. म्हणून सरासरी वेग ताशी पंचवीस. तीन ओळी. मागून एक मुलगा म्हणाला, “सर, पुण्यात बस ताशी तीसने? पहिली चूक तीच.” खोली हसली. सोनवणेही हसले. “रविवार पहाटेची धर,” ते म्हणाले. मग शांतता पसरली, तीच जुनी, मुलं खरोखर विचार करत असताना असते तशी. चूक साधी आहे, पण पहिल्या नजरेला दिसत नाही. हळू जाताना बस रस्त्यावर जास्त वेळ असते, म्हणून दोन वेगांची निम्मी बेरीज चालत नाही. अंतर दहा किलोमीटर धरलं तर जायला तीस मिनिटं, यायला वीस. पन्नास मिनिटांत वीस किलोमीटर, म्हणजे ताशी चोवीस.

बारावीतल्या सानिकाने हात वर केला. ती पाण्याच्या भांड्याकडे निघाली होती, तेवढ्यात रणदिवे आत आले. “सॉरी सर, टेस्ट सुरू होतेय. चला, सगळ्यांनी वर.” मुलं सोनवण्यांकडे बघत होती. ते म्हणाले, “जा. फळा कुठे जात नाही. सोमवारी पुरा करू.” सानिकाने खडू परत ठेवला.

सोमवारी शाळा बंद होती, त्यांच्या निधनामुळे.

शोकसभा दहा दिवसांनी झाली. फाटकावर फ्लेक्स होता. त्यावरचा सोनवण्यांचा चेहरा दोन छटा उजळ केलेला होता, खिशातलं पेन काढून टाकलं होतं आणि खाली प्रवेश सुरू असल्याची सूचना होती. मंदाताई फ्लेक्ससमोर थांबल्या. “हे कोण?” त्यांनी मला विचारलं. त्या खरंच विचारत होत्या. आत रणदिवे तेवीस मिनिटं बोलले. सोनवणे सर म्हणजे संस्थेचा आत्मा, सरांची शिकवण, सरांचा वारसा... शेवटी त्यांनी सरांच्या नावाने शिष्यवृत्ती परीक्षा जाहीर केली. ती कोचिंग क्लास घेणार आहे. सानिकाने हात वर केला. रणदिवे म्हणाले, “बाळा, प्रश्न नाहीत आता. श्रद्धांजली आहे.” नंतर पडदा सरकवला. मागे तो फळा होता, खालच्या खोलीतून उचलून स्वागतकक्षात लावलेला. अक्षरं उडू नयेत म्हणून वर लॅकर मारलं होतं, त्यावर काच, काचेला पितळी चौकट, आणि वर सोनेरी अक्षरांत: सरांचा शेवटचा धडा. खाली तीन ओळी. सरासरी वेग ताशी पंचवीस. टाळ्या वाजल्या. मुलांपैकी कोणी टाळी वाजवलेली मला दिसली नाही.

चहाच्या वेळी मी रणदिव्यांना गाठलं. “ते गणित चुकीचं आहे.”

“कुठलं?”

“काचेमागचं.”

त्यांनी वळून वाचलं. “वीस आणि तीस, पंचवीस. बरोबर आहे की.”

“चोवीस.”

त्यांनी फोन काढला, वीस अधिक तीस, भागिले दोन केलं आणि फोन माझ्यापुढे धरला. “पंचवीसच येतंय, मॅडम.” क्लासचे भौतिकशास्त्राचे शिक्षक बिस्किट खात उभे होते. त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “सर, चोवीस.” रणदिवे म्हणाले, “अहो, आता माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेलंय ते. आणि लोक सरांचं अक्षर बघतात, गणित कोण करून बघतंय?”

मंदाताई जवळच होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. “साहेब, ती चूक त्यांनी मुलांसाठी मांडली होती. ती तशीच त्यांच्या नावावर लावू नका. मुलांना बोलवा, तो तास पुरा करू द्या, मग पुसा. मला हार नको, शिष्यवृत्ती नको. एवढंच करा.”

“ताई, भावना समजतो मी,” रणदिवे म्हणाले. “पण लॅकर मारलंय. काच सील केलीय. आता पुसता येत नाही.”

मंदाताईंनी शाल परत केली. ती त्यांना सभेच्या सुरुवातीला दिली होती. मी त्यांना रिक्षाने विश्रांतवाडीला सोडायला गेले. घराशी उतरताना म्हणाल्या, “चोवीस. मलासुद्धा येतं. इतक्या वर्षांत दर शनिवारी संध्याकाळी मला फळ्यावरचं सांगायचे.”

त्यानंतरची माहिती अशी. माहितीपुस्तक छापून वाटलं गेलं आहे. मुखपृष्ठावर फळ्याचा फोटो आहे, तिसऱ्या ओळीसह. शिष्यवृत्ती परीक्षेची जाहिरात सुरू आहे. मंदाताईंनी संस्थेला लेखी विनंती केली, तिचं उत्तर आलेलं नाही. गेल्या आठवड्यात बुधवारी सकाळी स्वागतकक्षातल्या काचेवर, तिसऱ्या ओळीच्या बरोबर समोर, खडूचं एक वर्तुळ दिसलं. शिपायाने ते पुसलं. गुरुवारी पुन्हा होतं. शुक्रवारी रणदिव्यांनी वर्गावर्गात जाऊन विचारणा केली. कोणी नाव सांगितलं नाही. संध्याकाळी काच पुसून स्वागतकक्षाला कुलूप लावलं.

शनिवारी मी लेखनाच्या तासाला गेले तेव्हा शिपाई नुकतंच कुलूप काढून बाहेर झाडू मारत होता. मुलं जिन्याने वर जात होती. काचेवर तिसऱ्या ओळीभोवती वर्तुळ होतं. ते अजून ओलं होतं.