रोखीचा माणूस

आमच्या आप्पांनी जन्मात कुणाचं कर्ज काढलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांना भोवलं.

शहापुरात आमच्या घरी एकच हातमाग. त्यावर आप्पा बसायचे, आई आणि मी सुताच्या कांड्या भरायचो. मला साडी विणायची भारी हौस. दुसरा माग घेतला की त्यावर तुलाच बसवीन, असा शब्द आप्पांनी दिला होता. गल्लीतला एक माग विकायला निघाला, मालक महिनाभर थांबायला कबूल झाला, तेव्हा आप्पा धुतलेली टोपी घालून बँकेत कर्ज मागायला गेले.

मॅनेजरने पेठेत चौकशी केली. सूतवाला म्हणाला, यांचं नाव माझ्या वहीत नाही, हे सगळं रोखीनं नेतात. वाणीही तेच म्हणाला. अर्ज परत आला. ज्याने कधी घेतलंच नाही तो फेडतो की नाही हे आम्ही कशावरून ठरवायचं, असं मॅनेजरचं म्हणणं.

"चोर समजला काय मला त्यो?" आप्पा संतापले. मी कांड्यांच्या टोपलीत तोंड घालून रडले.

आई मात्र पदर खोचून उठली. "बघतेच मी, वहीत नाव कसं लागत न्हाय त्ये!" आणि वाण्याकडून दोन शेर गूळ उधार घेऊन आली. संध्याकाळी आप्पांना कळलं. ताटावरून उठून ते मागच्या बोळाने गेले आणि पैसे चुकते करून आले. पुढच्या आठवड्यात तिने तेल आणलं. तेही दुपारच्या आत फिटलं. महिना संपत आला तरी आईची एकही उधारी दुसरा दिवस बघेना.

शेवटी वाणीच वैतागला. आप्पांना आणि मला घेऊन तडक बँकेत गेला.

"सायेब, ह्यो माणूस वहीतली शाई वाळू देत न्हाय! नाव लिवायचं आन् लगेच काट मारायची, लई ताप झालाय. कुठं सही करू सांगा, मी जामीन ऱ्हातो."

मॅनेजरसुद्धा हसला. कर्ज मंजूर झालं.

माग आला. माझी पहिली साडी काठाला जरा वाकडी होती, तरी आप्पा ती बाजारात विकून आले. पाय न धुताच त्यांनी माझ्या हातावर मजुरी ठेवली.

"घरातल्या घरात कसली मजुरी, आप्पा?"

"तू इणलीस न्हवं? मग तुझी उधारी ठिवू व्हय मी?"

मी पैसे मुठीत घट्ट धरले आणि मागाकडे तोंड करून बसले. डोळे भरून आलेले त्यांना दिसू नयेत म्हणून.