बाजाराची थैली

अनसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवनीवाड्याला लेकीकडे होते. दीर एवढंच बोलले, "वहिनी, झालं सगळं." मागून कुणीतरी लगेच म्हणालं, "मातामायची मर्जी." ते ऐकलं आणि रडू यायच्या आधी मला राग आला. तेरवी होऊन महिना उलटला, तरी तो काही उतरला नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा मी फारशी पाहिली नाही, चुकलंमाकलं पोटात घाला.

अनसूया माझी धाकटी जाऊ. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावात एका अंगणात आमच्या दोन चुली. नवी नवरी होती तेव्हाच मला म्हणाली होती, "बाई, तुमची भाजी खारट राहते, पण बोलणं गोड हाय." अशी फटकळ! धानाच्या रोवणीत ती रांगेत असली की वाकून नाही, हसून कंबर दुखायची. छातीत गाठ निघाली तेव्हाही नागपूरला जाताना म्हणे, "डॉक्टरले सांगा, काढाचं ते काढ, माझी जीभ तेवढी ठेव." एक छाती गेली, केस गेले, अन्नाचा वास सहन होईना... सगळं सोसलं तिनं. गाठ गेली, डॉक्टर म्हणाले, पण तपासायला येत राहायचं. बरं वाटलं तरी यायचं.

इकडे सासूबाईंनी मातामायला, म्हणजे आमच्या गावदेवीला, नवस बोलला होता. तो फेडला. मांडव पडला, बकरा कापला, गाव जेवलं. आमच्याकडे नवस फिटला म्हणजे गोष्ट संपली. त्या दिवसापासून अनसू 'बरी झालेली बाई' झाली. कुणाच्या घरी दुखणं निघालं की लोक तिच्याकडे बोट दाखवायचे, "अनसूले पाहा, मातामायनं कशी उभी केली!" तिचं बरं असणं तिचं राहिलंच नाही, गावाचं झालं.

सुरुवातीला ती तपासायला गेली. मग तारीख आली की काहीतरी निघायचं... रोवणी आहे, पाव्हणे आहेत, पाय दुखतो. मी मागे लागले तर म्हणे, "कायले जाऊ? बकरा मातामायले देला, अन् भरोसा मशीनवर ठेवू?" सासूबाई मान डोलवायच्या. दीर उठून वावरात निघून जायचे. मी चिडून विचारलं, "नागपूरले जाऊ नको, असं मातामायनं सांगितलं का वो तुले?" तर देवीशी भांडते म्हणून मलाच बोल लागला.

दोनदा मात्र मी तिला तयार करून धाडलंच. नागपूरची तिची एक निळी थैली होती. तीत कागद, पाण्याची बाटली भरून दिली. दोन्ही वेळा ती फाट्यावर बस धरायला गेली आणि दुपारी परत आली. थैलीत वांगे! पहिल्यांदा मी विचारलं तर म्हणे, "चहावाल्यानं विचारलं, कुठं जाऊन राहिली अनसूबाई? मी म्हटलं, बाजाराले. मंग बाजारात जाणं आलंच ना, खोटी कशी पडू?" आणि खुदकन हसली. आम्हीही हसलो.

पुढे काखेत गाठ आली. हात वर जाईना, तेव्हा तिची वेणी मी घालायची. औषधांनंतर केस कुरळे आले होते तिचे. एकदा तशी पाठमोरी बसलेली असताना बोलली, "बाई, मातामायचं नाव मी उगाच घेतलं. दवाखान्यात बाकावर तिरोड्याची एक बाई माझ्याजवळ बसे, हिरव्या बांगड्यांची. घरून लाडू आणे, मले देई. मांगच्या खेपेले दिसलीच नाही. नर्सले विचाराची हिंमत नाही झाली..." मग म्हणाली, "मी गेलीच नाही, तर ती जित्ती हाय ना वो."

माझ्या हातात फणी तशीच राहिली. इतके दिवस आम्ही देवीवरून भांडत होतो आणि ही एका बाकाला भीत होती! पण बरी झालेल्या बाईला भ्यायची सोय नसते. देवीचं नाव घेतलं की पुढे कुणी काही विचारत नाही, एवढं मात्र तिनं ओळखलं होतं. शेवटी नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. "अम्मा, पहले क्यों नहीं आए?" म्हणाले आणि खिडकीकडे पाहू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेरवीला आचारी तोच, भात शिजवायचे मोठे गंज तेच, पंगतीत माणसंही नवसाच्या जेवणातलीच. "देवाच्या मनात नव्हतं," म्हणत पुन्हा भात मागून घेत होती.

थैली अजून तिच्या दाराशी खुंटीला आहे. सासूबाई म्हणतात, राहू दे, बाजाराले कामी येते. परवा मी झटकायला काढली, तर शिवणीत वांग्याचा वाळका देठ अडकलेला. त्या दोन्ही दिवशी तिनं भरली वांगी केली होती. अंगणात सगळे सोबत जेवायला बसलो. नागपूरचं नाव कुणी काढलं नाही. भाजी झकास झाली होती... मी दोनदा घेतली.